इस्मे स्टोने आखलेल्या सहली

कुठली बेटं बघायची आहेत, हे इस्मे स्टो पाहुण्यांना पहिल्या पत्रात कधीच विचारायची नाही. ती विचारायची, सकाळी किती वाजता जाग येते, दुपारी जेवणानंतर पडायची सवय आहे का, लसणाचं वावडं आहे का, आणि बोटीवरच्या तीन खोल्यांपैकी शेजारशेजारच्या दोन कुणाला देऊ. या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून तिला कळायचं, घरात कोण कोणाशी बोलत नाही ते. मग ती वहीच्या लांबड्या कागदावर आठ दिवस लिहून काढायची. कुठल्या दिवशी कुठे नांगर टाकायचा, कुठे पोहायचं, कुठल्या संध्याकाळी शेवंडं भाजायची आणि कुठल्या दुपारी सगळ्यांना एकमेकांपासून जरा लांब ठेवायचं. पाहुणे घरी परत गेल्यावर तिला लिहायचे, बाई, तुम्हाला आमच्या मनातलं आधीच कसं कळलं?

मी आयडावर खलाशी म्हणून २००३ साली चढलो. आयडा म्हणजे दोन डोलकाठ्यांची, बासष्ट फूट लांबीची शिडाची बोट. इस्मेच्या वडिलांनी, एझ्रा स्टोंनी, ती पॅजेट फार्म या आमच्या गावच्या वाळूत, नारळाखाली, चार वर्षं खपून बांधली आणि तिला बायकोचं नाव दिलं. म्हातारा गेल्यावर लेस्टन कप्तान झाला. इस्मे त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. स्वयंपाक तिच्याकडे आणि सहली आखणंही तिच्याकडे. मी तिसरा. डिसेंबर ते एप्रिल आम्ही पाहुण्यांना घेऊन बेक्वे या आमच्या बेटाहून निघायचो, दक्षिणेकडे बेटाबेटांतून उतरत जायचो आणि वाऱ्याशी झगडत परत यायचो.

इस्मेचं लग्न झालं नव्हतं. एका शाळामास्तराशी ठरत आलं होतं, पण त्याला पलीकडच्या मोठ्या बेटावर, किंग्सटाउन शहरात, बदली हवी होती आणि हिला आयडा सोडायची नव्हती. मास्तराने वर्षभर वाट पाहिली आणि तिकडचीच एक मुलगी केली. इस्मेने त्याच्या लग्नासाठी रममध्ये मुरवलेला काळा केक करून फेरीबोटीने पाठवला. लोक अजून त्या केकची गोष्ट सांगतात. मी एकदा तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "मनुका आणून ठेवल्या होत्या. वाया कशाला घालवायच्या?"

लेस्टन बोलायला कमी. उंच, सरळ, चालताना खांदे जरासुद्धा हलायचे नाहीत. त्याची बायको तरुणपणी तापाने गेली, मूलबाळ नव्हतं. बंदरावरची माणसं त्याला कॅप म्हणायची, त्याच्याहून वयाने मोठी होती तीसुद्धा. मीही कॅप म्हणायचो आणि इस्मेला मिस इस्मे. ती त्याला नावाने हाक मारायची, आणि रागावली की "एझ्राच्या मुला" म्हणायची.

मी चढल्यानंतर तिसऱ्या वर्षी कॅपच्या हातून कप पडायला लागले. कप हाताच्या अगदी बाजूला असायचा आणि त्याला दिसायचा नाही. समोरचं सगळं दिसायचं. मैलभरावरच्या बोटीचं नाव वाचायचा, पण मी डावीकडून त्याच्या खांद्याजवळ येऊन उभा राहिलो तर दचकायचा. इस्मे त्याला काहीतरी निमित्त काढून फेरीने किंग्सटाउनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने काचबिंदू सांगितला. नजर कडांकडून आत आत येत आटत जाते, म्हणाला, गेलेली परत येत नाही. रोज थेंब घालायचे, आणि उरलेली राखायची असेल तर बार्बाडोसला जाऊन शस्त्रक्रिया करून घ्यायची, लवकर.

फेरीवरून परत येताना कॅप तिला म्हणाला, "हे तुझ्यामाझ्यात राहू दे." ती हो म्हणाली. हे तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

थेंब त्याने दोन महिने घातले. शस्त्रक्रिया हंगाम संपल्यावर करायची ठरली. हंगाम संपला तेव्हा बोट वाळूवर ओढून तिला रंग द्यायचा होता. रंग झाला तेव्हा वादळांचे महिने आले, त्यात घर सोडून कोण जातं? मग नाताळचे वारे सुरू झाले आणि पाहुणे आले. असं दरवर्षी होत गेलं. इस्मे आधी भांडायची, मग विनवायची, मग तिने त्याविषयी बोलणं सोडलं.

मला कुणी काही सांगितलं नाही. एके दिवशी मी डेक धुऊन बादली वाटेत ठेवली होती आणि कॅप भर उन्हात तिच्यावर अडखळून गुडघ्यावर पडला. उठला, माझ्याकडे बघितलं आणि सुकाणूकडे गेला. दुसऱ्या दिवशी मिस इस्मे मला म्हणाली, "वेन, यापुढे वाटेत काही ठेवायचं नाही. दोर नाही, बादली नाही, पाहुण्यांच्या चपलासुद्धा नाहीत. दिसली की उचलायची." मी हो म्हटलं. का, ते विचारलं नाही. कारण मला तोपर्यंत कळलं होतं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं होतं.

त्यानंतर तिच्या सहली बदलत गेल्या. आमच्याकडचा समुद्र रंगावरून वाचायचा असतो. गर्द निळं म्हणजे खोल, हिरवट म्हणजे वाळू वर आलेली, आणि तपकिरी दिसलं की खाली प्रवाळाची खडपं. हे रंग सूर्य डोक्यावर असतानाच नीट दिसतात. म्हणून इस्मेच्या कागदावर सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी दोनच्या नंतर बोट हलेनाशी झाली. पुढच्या वर्षी अरुंद वाटा गेल्या. मग नांगर टाकायच्या गर्दीच्या जागा गेल्या, कारण तिथे बाजूने कुठली होडी येईल याचा नेम नसतो. शेवटी टोबॅगो केजही गेलं. आमच्या पाण्यातली सगळ्यात देखणी जागा ती, चार चिमुकली बेटं आणि भोवती खडपांचं कडं. पाहुणे आमच्याकडे यायचे तेच मुळी त्या जागेसाठी. इस्मे त्यांना लिहायची, यंदा तिथे फार गर्दी आहे, किंवा जेलीफिश आलेत, त्यापेक्षा मी तुम्हाला एक निवांत किनारा दाखवते. ती दर रविवारी अँग्लिकन चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत बसणारी बाई. प्रत्येक खोटं लिहिताना तिचे ओठ आवळलेले असायचे, मी बघितलंय.

आणि बोट चालू असताना ती स्वयंपाकघर सोडून वर येऊन उभी राहायची, सुकाणूजवळ, कॅपच्या डाव्या हाताला. पाहुण्यांना समुद्र दाखवायची. "ते बघा, डावीकडे तपकिरी पट्टा दिसतोय ना, ते खडप. आणि उजवीकडची ती पांढरी होडी बघा, मेरो बेटावरच्या कोळ्याची आहे, आपल्या पुढून जाईल बहुतेक." पाहुणे माना वळवून बघायचे आणि कॅप न बघता सुकाणू फिरवायचा. ती त्याच्याशी एक शब्दही बोलायची नाही. परत गेल्यावर लोक लिहायचे की आम्हाला आयुष्यात इतकी छान वाट दाखवणारी भेटली नाही, आणि ती तर स्वयंपाकीण.

एकदा कानुआन बेटाच्या धक्क्यावर आम्ही दोघं शेवंडं निवडत होतो. मी धीर करून विचारलं, "मिस इस्मे, हे किती दिवस चालायचं?"

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय ते."

तिने एक शेवंड उलटं करून पोट दाबून बघितलं आणि परत टोपलीत टाकलं. "त्याला उद्या ओट्यावर बसवला तर किती दिवस जगेल तो, सांग मला."

"आणि बोटीवर कुणाला काही झालं तर?"

"होऊ नये म्हणूनच तर सहल मी आखते ना."

एवढंच. ती पुढच्या कोळणीकडे गेली. मी आयडा सोडायला हवी होती, किंवा कुठे जाऊन सांगायला हवं होतं. पण कॅपने मला शीड शिकवलं होतं, माझ्या बापाच्या मयताला खांदा दिला होता. आणि सांगणार तरी कुणाला? पॅजेट फार्ममध्ये अर्ध्या लोकांना ठाऊक होतं. रमच्या दुकानात कॅप शिरला की माणसं पाय आखडून त्याला वाट करून द्यायची आणि पुन्हा डॉमिनो खेळायला लागायची.

२०१४च्या ऑक्टोबरात हॅलिफॅक्सहून मिसेस ब्रॅनिगन यांचं पत्र आलं. त्या आणि त्यांचे यजमान २००१ साली आयडावर आले होते, माझ्या आधी. यजमान आता वारले होते. त्यांना फेब्रुवारीत मुलगा आणि सून यांना घेऊन यायचं होतं, आणि नवीन काहीही नको होतं. इस्मेने त्या वेळी हाताने लिहून पाठवलेला आठ दिवसांचा कागद त्यांनी जपून ठेवला होता. त्याचा फोटो काढून त्यांनी पाठवला. तीच बेटं, तोच क्रम, तीच जेवणं. कानुआनला किनाऱ्यावर जेवण, मग दुपारी निघून चारच्या सुमाराला टोबॅगो केज.

इस्मेने तो फोटो माझ्या फोनवर मोठा करून बघितला. तिचंच अक्षर. तेव्हा लेस्टनचे डोळे घारीचे होते, म्हणाली.

तिने उलट लिहिलं की इतक्या वर्षांत वारे बदललेत, मी तुम्हाला याहून सुंदर आठवडा आखून देते. मिसेस ब्रॅनिगननी फार गोड शब्दांत नाही म्हटलं. इस्मेने लिहिलं, निदान केज सकाळी करू. त्यांनी लिहिलं की त्यांच्या यजमानांना ती बेटं पहिल्यांदा दिसली तेव्हा ऊन तिरपं होतं, ते ऊन त्यांना हवं आहे. तिसऱ्या वेळी इस्मेने सरळ लिहिलं की आयडा फेब्रुवारीत मोकळी नाही, दुसऱ्या चांगल्या बोटीचं नाव देते.

पण ते पत्र गेलं नाही. पाहुण्यांचा सगळा पत्रव्यवहार ती संध्याकाळी कॅपला वाचून दाखवायची, तो त्यांचा जुना नेम होता. ते पत्र तिने वाचून दाखवलं नाही, आणि नेमका त्याच दिवशी त्याने विचारलं, हॅलिफॅक्सच्या बाईचं काय झालं? तिला खोटं बोलता आलं नाही. मी तेव्हा त्यांच्या ओट्यावर दोर विणत बसलो होतो.

"येऊ दे तिला," कॅप म्हणाला. "ती वाट मी झोपेत जाईन."

"झोपेत जायचं असतं तर मला काळजी नव्हती," इस्मे म्हणाली. "जागेपणी जायचंय, एझ्राच्या मुला."

"माझी बोट आहे."

"बोट आपल्या दोघांची आहे."

"मग तू चालव," तो म्हणाला आणि आत गेला. जाताना दाराच्या चौकटीला त्याचा खांदा घासला.

तिने मिसेस ब्रॅनिगनना होकार लिहिला. मात्र आपल्यासाठी एक वेगळा कागद केला. त्यात कानुआनहून सकाळी दहाला निघायचं होतं, आणि किनाऱ्यावरचं जेवण न्याहारीच्या वेळेला उरकायचं होतं. जागेवर गेल्यावर समजावू, म्हणाली. माणूस समोर असला की ऐकतो.

मिसेस ब्रॅनिगन ऐकण्यातल्या नव्हत्या. बारीक, खुटखुटीत, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, सगळ्यांशी हसून बोलणाऱ्या. मुलगा कॉलिन अबोल. पहिल्याच दिवशी बोटीवर चढताना त्याने कॅपपुढे बाजूने हात केला. कॅपने तो घेतला नाही. कॉलिनने हात खिशात घातला. मला वाटलं, त्याला कॅप गर्विष्ठ वाटला असेल.

कानुआनला मिसेस ब्रॅनिगन समुद्रबदामाच्या सावलीत बसल्या आणि उठेनात. इस्मेने नऊ वाजता बेक, म्हणजे आमच्याकडची तळलेली रोटी, आणि खारवलेला मासा आणून दिला, तर म्हणाल्या, हे न्याहारीला छान आहे, पण दुपारी त्या दिवशीसारखं अळूचं सूप आणि भाजलेला नीरफणस होईल ना? कॉलिन म्हणाला, आईसाठी एवढं कराच. इस्मेने नीरफणस निखाऱ्यावर ठेवला. तो भाजायला जितका वेळ लागतो तितका लागतो. ती हातातल्या घड्याळाकडे बघत वाळूत उभी होती. मी तिच्याजवळ गेलो आणि म्हटलं, नाही म्हणा, बोटीत बिघाड आहे म्हणा, मी पंपाची नळी काढून ठेवतो. तिने क्षणभर विचार केला. पण कॅप आमच्याकडे तोंड करून बसला होता. बघत होता की नाही देव जाणे. ती नको म्हणाली.

अडीच वाजता आम्ही शीड उभारलं.

कानुआनहून केजला जायचं म्हणजे दक्षिणेला आणि जरा पश्चिमेला. फेब्रुवारीत साडेतीनला सूर्य बरोबर समोर येतो. पाणी नुसतं चमकत होतं, पत्र्यासारखं. रंग नव्हताच. मी पुढे बोटीच्या टोकाला, नाळीवर होतो, कपाळावर हात धरून. इस्मे सुकाणूजवळ तिच्या जागेवर. कॉलिन आणि त्याची बायको तिच्याशेजारी. मिसेस ब्रॅनिगन खाली खोलीतून कॅमेरा आणायला गेल्या होत्या.

मला इस्मेचा आवाज ऐकू येत होता. ती पाहुण्यांना म्हणत होती, "आज उन्हामुळे पाणी नीट दिसत नाही बघा." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने, "फार चमकतंय. असं असलं की चांगले कप्तान बोट वळवून थांबतात." कॉलिनने काहीतरी विचारलं आणि ती त्याला उत्तर देत बसली. बोट वळली नाही. सरळ बोलायची तिला सवयच उरली नव्हती. नऊ वर्षं तिने त्याला जे सांगितलं ते दुसऱ्याला सांगत असल्यासारखं. आणि त्या दिवशी तो ऐकत नव्हता. तो आठवणीने चालला होता.

मग ती ओरडली, "लेस्टन, मला काही दिसत नाही. वळव." त्याच वेळी मला नाळीखाली तपकिरी दिसलं आणि मीही ओरडलो.

त्याने सुकाणू फिरवलं, पण आयडा जड बोट होती. ती खडपावर चढली. लाटेने तिला उचललं आणि आपटलं, पुन्हा उचललं आणि आपटलं. तिसऱ्या आपटीला सुकाणू मोडलं. कुणीतरी खाली कळवळलं. मिसेस ब्रॅनिगन शिडीवरून वर येत होत्या, त्या पाठीवर खाली पडल्या होत्या. कॅमेरा गळ्यात होता. त्यांना उठवायला गेलो तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि हळूच सांगितलं, मला हलवू नका.

मेरोच्या कोळ्यांनी आम्हाला बघितलं होतं. त्यांच्या होड्या पाऊण तासात आल्या. मिसेस ब्रॅनिगनना दारावर बांधून उतरवलं, आमच्याच जेवणघराचं दार मी बिजागऱ्यांतून काढलं. कॅप सगळ्यांत शेवटी उतरला. त्याला होडी कुठे आहे ते दिसेना. उतरताना त्याचा पाय दोनदा हवेत फिरला आणि मग इस्मेने त्याचा घोटा धरून फळीवर ठेवला. ते कॉलिनने बघितलं.

आयडा दोन दिवस तिथे होती. तिसऱ्या दिवशी मोठी लाट आली आणि ती फुटली.

किंग्सटाउनला चौकशी झाली. कॅपने सांगितलं, ऊन डोळ्यांवर होतं आणि प्रवाहाने ओढलं. मी तेच सांगितलं, त्याच शब्दांत. इस्मेला अधिकाऱ्याने विचारलं, तुम्ही त्या वेळी काय करत होता? ती म्हणाली, "पाहुण्यांना समुद्र दाखवत होते." अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. तो कॅपला लहानपणापासून ओळखत होता. अपघात म्हणून कागद बंद झाले आणि कॅपचा परवाना त्याच्याकडेच राहिला.

खरं सांगायचं तर मला तेव्हा हायसं वाटलं. वाटलं, बोट गेली, म्हणजे हेही संपलं. पण जुलैत बंदरावरच्या एका माणसाने नवी मोठी कॅटामरान, दोन सांगाड्यांची बोट, आणली. त्याला कप्तान हवा होता, जुना, नाव असलेला, पाहुण्यांना सांगायला बरा. अपघात काय, कुणालाही होतो, म्हणाला. कॅपने त्याच दिवशी हो म्हटलं. इस्मेने त्याला विचारलं, आणि सहली कोण आखणार? तो म्हणाला, तू, पहिल्यासारख्याच. गेल्या पाच महिन्यांत तो पहिल्यांदाच पोटभर जेवला, असं तिने मला सांगितलं. सांगताना तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

सप्टेंबरमध्ये कॉलिन ब्रॅनिगनचं पत्र आलं. आई पुन्हा चालली नाही, त्याने लिहिलं होतं. ऑगस्टमध्ये गेली. मला तुमच्याकडून भरपाई नको आहे. त्या माणसाने माझा हात बघितला नाही आणि होडी बघितली नाही. तो आंधळा आहे हे तुम्हाला माहीत होतं का?

इस्मे ते पत्र घेऊन माझ्याकडे आली. मी आमच्या दारात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, तीही बसली आणि सोलायला लागली. मी पत्र वाचलं आणि म्हटलं, उत्तर देऊ नका. मेलेली बाई परत येणार आहे का? कागद बंद झालेत. कॅपचं आता वय काय राहिलंय.

"डिसेंबरात त्या कॅटामरानवर दहा माणसं असतील," ती म्हणाली.

"मग कॅपला समजवा."

"मी त्याला नऊ वर्षं समजावतेय, वेन." तिने सोललेले दाणे माझ्या ताटलीत ओतले. "तो मला माफ करणार नाही. तू तरी करशील का?"

मी म्हटलं, मी कोण माफ करणारा. ती उठून गेली. ते उत्तर बरोबर नव्हतं हे मला तेव्हाच कळलं होतं. ते पत्र तिच्याकडे आणखी दोन महिने पडून होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने उत्तर लिहिलं. हो, माहीत होतं, २००६पासून. त्यासोबत तिने त्या नऊ वर्षांचे सहलींचे सगळे कागद पाठवले, दहा ते दोनमधले. एक प्रत किंग्सटाउनच्या त्या अधिकाऱ्याला दिली, फेरीने जाऊन, स्वतःच्या हाताने. अधिकाऱ्याने पहिले चार-पाच कागद चाळले आणि दार लावून घेतलं. तिने त्यात मला काय माहीत होतं ते लिहिलं नव्हतं. माझं नावच नव्हतं. मी चौकशीत काय सांगितलं ते तिला ठाऊक होतं, तरी नव्हतं.

परवाना गेला. कॅटामरानवाल्याने ग्रेनेडाहून माणूस आणला. कॉलिन ब्रॅनिगनचं पुन्हा काही आलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही.

गावाने तिला सोडलं नाही. बायका म्हणायच्या, सख्ख्या भावाला विकलंन. कुणी म्हणायचं, सांगायचंच होतं तर बाई जिवंत होती तेव्हा सांगायचं. हे दुसरं बोलणं तिला जास्त लागायचं. चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत तिच्याशेजारची जागा रिकामी राहायला लागली, मग ती मागे जाऊन बसायला लागली. दुसऱ्या बोटीवाल्यांनी तिच्याकडून सहली आखून घेणं थांबवलं. तिच्याइतकं या पाण्यातलं कुणाला ठाऊक नव्हतं, पण पाहुणे हल्ली नावं शोधून बघतात, म्हणाले. रमच्या दुकानात तिच्याबद्दल बोलणं निघालं की मी डॉमिनोकडे बघत बसायचो. एकदाही मी म्हटलं नाही की मलाही माहीत होतं.

मी आता फेरीवर माल चढवतो. रविवारी दुपारी त्यांच्याकडे जातो, कॅपसाठी. त्याची उरलेली नजर २०१८ साली गेली. आता दिवस आहे की नाही एवढंही कळत नाही. शस्त्रक्रिया केली असती तर थोडी राहिली असती, असं डॉक्टर म्हणाला. कॅपने ते ऐकलं आणि टोपी घालून उठला. परवाना गेल्यापासून तो बहिणीशी एक अक्षर बोललेला नाही. एकाच घरात राहतात. ती त्याचं जेवण टेबलावर ठेवते आणि ताटलीत कुठे काय आहे ते सांगते, नीरफणस वर, मासा उजवीकडे. तो जेवतो. कपडे धुवून घड्या करून ठेवते, तो घालतो. पडला तर तिचा हात धरून उठतो, मग सोडून देतो.

परवाच्या रविवारी गेलो तेव्हा तो ओट्यावर खुर्चीत होता. वारा कुठला आहे, त्याने विचारलं. मी म्हटलं, पूर्वेचा, जरा उत्तरेकडून, बंदरात पंधरा-वीस बोटी आहेत. कुणाकुणाच्या, त्याने विचारलं, आणि मी नावं सांगत गेलो. जरा वेळाने त्याचा डोळा लागला.

मी भांडी ठेवायला आत गेलो. मिस इस्मे चुलीपाशी उभी होती. ती आता सत्तरीला आली आहे. तिने माझ्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलतो का रे तुझ्यापाशी?"

मला खोटं बोलता आलं असतं. तेवढं तरी मी तिच्यासाठी करायला हवं होतं, असं वाटलं आणि तेही नको वाटलं.

"नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली, मासा उलटा केला आणि मला जेवून जा म्हणाली.